चार मोजे आणि एक गॅस्केट

टण्ण!

स्वयंपाकघरात चमचा पडला. एरवी या घरात ताटं पडतात, दारं आपटतात, भिंगरी पलंगावरून धाडकन उड्या मारते आणि कुणी मानही वळवत नाही. पण हा चमचा पडला तो लाडोबा नुकता कुठे झोपलेला असताना. घरातली सगळी मोठी माणसं त्या वेळी चवड्यांवर चालत होती. भिंगरीचे बाबा ओट्यापाशी एक पाय उचललेल्या अवस्थेत थिजले. आजींनी सुई हवेतच धरली. भिंगरीच्या आईने डोळे गच्च मिटले, जणू आपण डोळे मिटले की बाळाचेही मिटलेले राहतील.

आतून आधी एक हुंकार आला. मग एक लांब श्वास. आणि मग लाडोबाने असा टाहो फोडला की समोरच्या इमारतीतल्या कबुतरांनी जागा बदलल्या.

"माझ्या हातून नाही पडला," बाबा घाईघाईने म्हणाले. "आपणहून पडला."

"हो ना. आपल्याकडचे चमचे फार चंचल," भिंगरीची आई म्हणाली. "गाडीची किल्ली दे."

या घरात गाडीची किल्ली म्हणजे अंगाई होती. लाडोबा मांडीवर झोपत नसे, पाळण्यात झोपत नसे, खांद्यावर तर त्याला जग बघायची इतकी हौस येई की विचारू नका. पण त्या जुन्यापान्या गाडीच्या मागच्या सीटवर, आपल्या छोट्या खुर्चीत पट्टे बांधून बसवलं आणि इंजिन सुरू केलं, की साहेबांची मान अशी कलंडायची, जशी कुणी बटण दाबून बंद केली. इमारतीभोवती एक फेरी मारायची, मग अंगणात मोकळ्यावर गाडी उभी करून इंजिन थोडा वेळ नुसतं सुरू ठेवायचं. भिंगरीच्या आईला दिवसभरात स्वतःचा म्हणून जो काय वेळ मिळे, तो तिथे, स्टिअरिंगच्या मागे.

पहिल्यांदा ती भिंगरीला घेऊन बसली होती, तेव्हा भिंगरीने कान टवकारून सांगितलं होतं, "आई, गाडी बाळाला श्श्श करते."

"करते हं," आई म्हणाली होती. पाच वर्षांची मुलं दिवसभरात इतकं काही सांगत असतात की त्यातलं सगळं मनावर घेतलं तर आयाबायांना दुसरं कामच उरायचं नाही.

गाडीत वाचायला काही नव्हतं. पुढच्या खणात गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक तेवढं होतं. ते तिने पहिल्यांदा कंटाळा म्हणून वाचलं, दुसऱ्यांदा नाइलाज म्हणून, आणि तिसऱ्यांदा पुढे काय होणार हे ठाऊक असूनही उत्सुकतेने. रेडिएटर हा तिला एक सोशिक, घामाघूम माणूस वाटू लागला. फॅनबेल्टचा स्वभाव आतल्या गाठीचा होता. माहेरी कुणाला सांगावं अशी ही गोष्ट नव्हती, पण ती पुस्तकात रमली होती.

आणि नेमकी याच सुमारास गाडी सरकारी चाचणीत नापास झाली.

"इंजिन धापा टाकतंय," चाचणी केंद्रातले साहेब म्हणाले. "नुसतं उभं असतानाही वरखाली होतंय. महिनाअखेरीच्या आत दुरुस्त करून आणा. नाहीतर ही रस्त्यावर काढायची नाही."

भिंगरीच्या बाबांना तर निमित्तच हवं होतं. "भंगारात देऊन टाकू. आपल्याला गाडी लागते कशाला? बस आहे."

"बसमध्ये हा झोपेल?"

"बसमध्ये सगळेच झोपतात."

"मग उद्यापासून तूच घेऊन फीर त्याला बसमधून. शेवटच्या थांब्यापर्यंत आणि परत."

बाबांनी वर्तमानपत्र उघडलं. पण भंगारवाल्याला त्यांनी महिनाअखेरीचा वायदा देऊन ठेवलाच होता, हे नंतर कळलं. गॅरेजवाल्याकडे गेलं तर तो म्हणाला, "ठेवून जा, आठवड्याभरात बघतो." करतो नव्हे, बघतो! आठवडाभर गाडी नाही म्हणजे आठवडाभर झोप नाही. त्याची नाही, तिची नाही, आजींची नाही, खालच्या मजल्यावरच्या हेडसरांची नाही.

हेडसर निवृत्त मुख्याध्यापक. त्यांची खिडकी थेट अंगणात उघडे, आणि अंगणात घडणारं सारं काही आपल्या वर्गातच घडतं आहे अशा भावनेने ते त्याकडे पाहत. सरांनी जन्मात गाडी चालवली नव्हती. पण शाळा चालवली होती, आणि त्यांच्या मते दोन्हींत फारसा फरक नव्हता.

"बॅटरी," सर खिडकीतून म्हणाले.

"सर, बॅटरीचा काही संबंध नाही."

"मग टायर. हवा बघा. सगळी दुखणी हवेची असतात."

बोलाफुलाला गाठ कशी पडते पाहा, सरांचं ते वाक्य अक्षरशः खरं निघायचं होतं. पण त्या वेळी ते कुणालाच ठाऊक नव्हतं, सरांना तर मुळीच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंगरीची आई दूध काढायचा पंप लावून बसली होती. हे यंत्र मोठं मानी. त्याची रबरी कडा नीट बसली तर काम झटपट. जरा वाकडी बसली की नुसतं फुस्स्स आणि बाटली कोरडी. त्या दिवशी ते फुस्स्स करू लागलं. मोटर जीव तोडून ओढते आहे, वरखाली आवाज करते आहे, धापा टाकते आहे...

धापा!

"फट!" ती इतक्या जोरात ओरडली की आजींच्या हातातून सुई पडली. "आई, फट आहे! गाडीला फट आहे!"

"पंपाला की गाडीला?"

"दोघांना!"

तिच्या डोक्यात लख्ख उजाडलं. माहितीपुस्तकाच्या मधल्या पानांवर होतं ते सगळं! इंजिन म्हणजे काय, तर ओढून घेणारं यंत्र. ते हवा ओढतं ती इनटेक मॅनिफोल्डमधून, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या एका चार बोटांच्या पंजातून. हा पंजा इंजिनाला जिथे टेकतो तिथे मध्ये एक पातळ पट्टी असते, चार भोकांची. तीच गॅस्केट. ती घट्ट बसलेली असली की मोजकी हवा सरळ वाटेने आत जाते. ती कुठे फाटली, की फटीतून आगाऊ हवा घुसते, पेट्रोलचं नि हवेचं गणित चुकतं, आणि बिचारं इंजिन गोंधळून कधी पळतं, कधी मरगळतं. हे तिने तीनदा वाचलं होतं. समजलं मात्र आत्ता, छातीशी!

ती पंपाची नळी उपसून अंगणात धावली. वेणी वर बांधली, बॉनेट उघडलं, इंजिन सुरू केलं. फिरत्या पट्ट्यापासून हात लांब ठेवत नळीचं एक टोक कानात धरलं आणि दुसरं सांध्यावरून हळूहळू फिरवलं. पहिलं बोट, गप्प. दुसरं, गप्प. तिसऱ्याच्या पुढे नळी सरकली मात्र, आणि कानात साप शिरल्यागत आवाज झाला. तिने भिंगरीच्या फवारणीच्या बाटलीतून तिथे साबणपाणी मारलं. फेस क्षणभर दिसला आणि सुळ्ळकन आत गडप झाला. इंजिनाचा आवाज बदलला!

"सापडलं!" ती अंगणभर नाचली.

"काय हरवलं होतं?" सर खिडकीत आले.

"गॅस्केट, सर! हे बघा, इंजिन हवा ओढून घेतं ना..."

"म्हणजे कशासारखं? विद्यार्थ्याला नेहमी परिचयाचं उदाहरण द्यावं."

परिचयाचं उदाहरण तिच्या हातातच होतं. उत्साहाच्या भरात तिने ते कडेपासून बाटलीपर्यंत साग्रसंगीत दिलं. सर आधी तिच्याकडे बघत होते, मग आभाळाकडे बघू लागले, आणि मग म्हणाले, "माझी गोळी घ्यायची राहिली वाटतं," आणि खिडकीचं एक दार हळूच लोटून घेतलं.

सुट्या भागांच्या दुकानात गेल्यावर वेगळाच प्रसंग. दुकानदाराने तिच्या पाठीमागे पाहिलं. "साहेब गाडी लावतायत का?"

"साहेब घरी बाळ सांभाळतायत. मला इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट द्या."

"ताई, नक्की नाव काय सांगितलंय त्यांनी? नाहीतर फोन लावून विचारून घ्या."

फोन लावला असता तर साहेबांनी बॅटरी सांगितली असती. तिने फोन लावला नाही. गाडीचं वर्ष, इंजिनाचा प्रकार, भोकांची संख्या असं सगळं एका दमात सांगितलं. दुकानदार माळ्यावर चढला आणि धुळीतून एक चपटं पाकीट घेऊन उतरला. तिने ते पर्समध्ये लाडोबाच्या लंगोटांच्या मध्ये, मुडपू नये म्हणून अलगद ठेवलं.

रविवारी शस्त्रक्रिया ठरली. चाचणीचा शेवटचा दिवस सोमवार. म्हणजे आज जमलं तर जमलं, नाहीतर परवा भंगारवाला हजर.

लाडोबा आजींकडे, आजी अंगणात खुर्ची टाकून. बाबा हात पाठीमागे बांधून देखरेखीला. भिंगरीकडे नट ठेवायची वाटी. सर खिडकीत. इंजिन रात्रभर थंड केलेलं, बॅटरीची तार सोडलेली.

"जमेल ना तुला?" बाबांनी विचारलं.

"पाळणा कुणी जोडला होता?"

बाबा एक पाऊल मागे सरले. पाळणा आधी त्यांनी जोडला होता आणि तो एका बाजूला झुकत असे.

नळ्या निघाल्या, तारा निघाल्या. प्रत्येक तारेला तिने भिंगरीच्या वेगवेगळ्या रंगाच्या रिबिनी बांधल्या, त्यामुळे इंजिन वाढदिवसाला निघाल्यासारखं दिसू लागलं. एक नट हटून बसला होता. त्याला तेल पाजलं, समजावलं, शेवटी दोन शब्द सुनावले, तेव्हा तो सुटला. पंजा उचलला गेला आणि खाली ते जुनं गॅस्केट दिसलं. तिसऱ्या नि चौथ्या भोकाच्या मध्ये, उंदराने बिस्किट कुरतडावं तसं.

"एवढंसं?" बाबा म्हणाले. "एवढ्याशासाठी एवढं?"

"एवढ्याशासाठीच असतं एवढं," आजी मांडीवरल्या एवढ्याशाला हलवत म्हणाल्या.

आता पुस्तक म्हणत होतं, उघड्या भोकांत स्वच्छ कापड कोंबा, म्हणजे खरवडताना कचरा इंजिनात पडणार नाही. स्वच्छ कापड! दोन मुलांच्या घरात! प्रत्येक फडक्यावर कुणाची ना कुणाची खूण. सर्वांत निर्मळ अशी एकच चीज घरात होती, ती म्हणजे लाडोबाचे उकळून धुतलेले मोजे. भोकं चार, मोजे चार. अगदी मापाचे बसले. इंजिनातून चार इवली पावलं बाहेर आलीत असं दृश्य होतं ते. भिंगरीने त्यांना गुदगुल्याही करून पाहिल्या.

भांडी खरवडायच्या प्लास्टिकच्या पट्टीने तिने जुनी पपडी निगुतीने काढली, धातूला ओरखडा येऊ न देता. मोजे काढले, नवी पट्टी कोरडीच बसवली, पंजा टेकवला. आणि नट आवळताना तर ती रंगात आली. मधून सुरुवात, मग इकडे एक, तिकडे एक, थोडं थोडं, बाहेरच्या बाजूला. बाळाखाली मेणकापड घालताना सुरकुत्या मधून कडेला सारतात ना, तस्संच! हेडसरांनीसुद्धा खिडकीचं दुसरं दार उघडलं.

"झालं!" तिने हात झटकले. मडगार्डवरचे मोजे गोळा केले. एक जोडी. आणि एक.

तिने खाली पाहिलं. गाडीखाली पाहिलं. वाटीत पाहिलं.

"चौथा कुठाय?"

सगळ्यांच्या नजरा हळूहळू इंजिनाकडे वळल्या.

"तू काढले होतेस ना सगळे?" बाबांनी विचारलं.

"काढले होते... काढले असणार... भिंगरी तेव्हा नट मोजत होती, बाळ रडत होतं..."

"म्हणूनच सांगतो," बाबा घसा खाकरत म्हणाले, "यंत्राच्या कामात लक्ष लागतं. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली हवी. आमच्या ऑफिसात..."

तिला ते ऐकू येत नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर एक पिटुकला मोजा दिसत होता, पिवळ्या बदकाचा, जो किल्ली फिरवताच इंजिनाच्या पोटात जाणार होता. वरून वाकून बघावं तर पंजाची बोटं वाकडी, आतलं काही दिसेना. इलाज एकच. तिने ओठ घट्ट मिटले, पाना उचलला, आणि सगळं पुन्हा उघडलं. रिबिनी सुटल्या, नळ्या सुटल्या, पंजा उचलला.

चारही भोकं रिकामी.

"आत गेला असेल का?" तिने विचारलं.

"थांब, मी बघतो," बाबा पुढे झाले. चौथ्या भोकावर वाकले. श्वासाने चष्म्यावर वाफ धरली. त्यांनी सवयीने शर्टाच्या खिशात हात घातला, एक मऊ कापड काढलं, आणि चष्मा पुसू लागले.

कापडावर पिवळं बदक होतं.

मांडीवरल्या एवढ्याशाला हलवणं आजींनी थांबवलं.

"बाबा," भिंगरी म्हणाली, "तो बाळाचा मोजा आहे."

बाबांनी हातातल्या बदकाकडे पाहिलं. बदकाने त्यांच्याकडे पाहिलं.

"आपणहून गेला असेल खिशात," आजी शांतपणे म्हणाल्या. "चमच्यासारखा."

आधी भिंगरीची आई रडणार होती. पण मध्येच काहीतरी उलटसुलट झालं आणि ती हसू लागली. हसता हसता मडगार्डवर बसली, आणि मग बाबाही हसले, फार ओशाळून. सरांनी खिडकीचं दार लावून घेतलं, पण दारामागून त्यांचाही आवाज येत होता.

दाबलं गेलेलं गॅस्केट दुसऱ्यांदा वापरायचं नसतं, हे पुस्तकात ठळक अक्षरांत होतं. बाबा तडक दुकानाकडे पळाले. दुकानदार शटर ओढतच होता. "आणखी एक?" त्याने विचारलं म्हणे. "साहेब, घरी गॅस्केटं खाता काय?"

यावेळी तिने चारही मोजे एकमेकांना गाठी मारून माळ केली आणि मगच भोकांत घातली. काढताना बाबांनी स्वतः मोठ्याने मोजले. सरांनी खिडकीतून पडताळणी केली. संध्याकाळच्या उन्हात शेवटचा नट आवळला, बॅटरीची तार जोडली, आणि भिंगरीच्या आईने देवाला नाही, माहितीपुस्तकाला मनोमन नमस्कार करून किल्ली फिरवली.

घुर्र... आणि मग मऊ, एकसुरी गुणगुण. वरखाली नाही, धाप नाही, फुस्स नाही! तिने नळी कानाला लावून चारही बोटं तपासली. निःशब्द! तिला आकाश ठेंगणं झालं. बाबांनी टाळ्या वाजवल्या. दुपारभर न झोपलेला लाडोबा आजींच्या कडेवर किरकिरत होता, पण त्या गडबडीत त्याची किरकिर कोण ऐकतो?

सोमवारी सगळं कुटुंब चाचणीला निघालं, आजी तेवढ्या घर सांभाळायला राहिल्या. केंद्रातल्या यंत्राचा काटा यावेळी जराही वरखाली झाला नाही. साहेबांनी यंत्राला टिचकी मारून पाहिली. "उत्तम. आता गॅरेजचा शिक्का दाखवा."

"गॅरेज नाही. मी केलं."

"तुम्ही म्हणजे कुठलं गॅरेज?"

"मी म्हणजे मी."

"असं कसं? कुणी केलं, काय केलं, ते कळायला नको? जाणकाराने केल्याची खात्री लागते आम्हाला." मागे रांग लांबत होती. बाबा तिच्या कानात म्हणाले, "चल, परत जाऊ." पण तिने लाडोबाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"मग समजावून सांगते. इंजिन हवा ओढतं. कशासारखं, तर तुम्ही आईचं दूध काढायचा पंप पाहिलाय का? त्याची रबरी कडा असते ना, ती इथे..."

साहेबांचा शिक्का इतक्या त्वरेने खाली आला की शाईची बाटली उडाली. "झालं! झालं, ताई! पास! पुढचे कोण?"

बाहेर येऊन ती गाडीत बसली तेव्हा चेहऱ्यावर तेज होतं. भंगारवाल्याला बाबांनी तिथूनच फोन करून नाही म्हणून सांगितलं, आणि वर "बायकोने केलं सगळं" असं दोनदा सांगितलं, जे त्याने विचारलंही नव्हतं. आता घरी जाईपर्यंत लाडोबा झोपेल. मग अंगणात गाडी लावायची, आणि पुस्तकातलं ब्रेकवरचं प्रकरण काढायचं. कालपासून ते तिला खुणावत होतं.

गाडी निघाली. लोण्यातून जावी तशी.

पहिल्या चौकात लाडोबा टक्क जागा होता. दुसऱ्या चौकात तो चळवळ करू लागला. तिसऱ्या चौकात त्याने ओठ काढले, आणि मग तो जुना, कबुतरं उडवणारा टाहो.

"भूक लागली असेल," बाबा म्हणाले.

"आत्ताच प्यायलाय."

"उकडत असेल."

काचा खाली झाल्या, वर झाल्या. इमारतीला एक फेरी झाली, तिसरी झाली. सर खिडकीतून दरवेळी हात हलवत होते, मग हलवायचे थांबले. शेवटी अंगणात गाडी उभी करून तिने इंजिन सुरूच ठेवलं आणि मागे वळून बाळाच्या पोटावर थोपटत, रोजच्या सवयीने, दातांमधून हवा सोडली, "श्श्श... श्श्श..."

लाडोबा गप्प झाला. कान देऊन ऐकू लागला. डोळे जड झाले. ती श्वास घ्यायला थांबली, आणि त्याने ते पुन्हा उघडले.

भिंगरी खिडकीला नाक लावून बसली होती. मांडीवर जुनं, कुरतडलेलं गॅस्केट. तिने ते खेळातल्या भांडीकुंडीत ठेवायला मागून घेतलं होतं.

"आई, गाडी आता श्श्श नाही करत."

भिंगरीच्या आईचा हात बाळाच्या पोटावर थांबला. तिने बाबांकडे पाहिलं. बाबांनी इंजिनाकडे पाहिलं. इंजिन मऊ, एकसुरी, निर्दोष गुणगुणत होतं. त्यात कुठेही, एवढीशीसुद्धा फट नव्हती.

बाबांनी चष्मा काढला, मागे वळले आणि "श्श्श" करू लागले. ती श्वास घेई तेव्हा ते, ते श्वास घेत तेव्हा ती.

भिंगरीने या दोघांकडे पाहिलं. मग तिने गॅस्केट डोळ्याला लावलं, एका भोकातून आईकडे पाहिलं आणि विचारलं,

"आई, गाडी आधी बिघडली होती की आता बिघडलीय?"